थेंब घालतोय तोवर ठीक, बंद केले की परत: कुत्र्याच्या कानातले माइट्स

रात्री पावणेतीन-तीनच्या सुमाराला फटफटफट असा आवाज यायचा. कुणीतरी ओली चादर झटकतंय असा. पहिले काही दिवस आम्ही दचकून उठायचो; पुढे नवरा कूस बदलता बदलता नुसतं म्हणायला लागला, "झालं सुरू." पलंगाखाली ढब्बू कान झटकत असायचा. झटकून झालं की मागचा पाय वर घेऊन खराखरा खाजवायचा, मध्येच कण्हायचा, परत झटकायचा. सकाळी हॉलच्या भिंतीवर, जमिनीपासून हातभर उंचीवर, तपकिरी ठिपके उडालेले. ओल्या फडक्याने पुसले की निघायचे, पण मागे पिवळट डाग राहायचा तो राहायचाच.

ढब्बू म्हणजे ठाण्यात कोलशेत रोडला एका बांधकामाच्या पत्र्यांमागे सापडलेलं दोनेक महिन्यांचं गावठी पिल्लू. फेब्रुवारीत घरी आलं, मार्चमध्ये कानाचं प्रकरण सुरू झालं. मे संपेपर्यंत तो कान दोनदा 'बरा' झाला आणि दोनदा परत आला. जुलैत पुन्हा आला. पहिल्या दोन वेळा आमचं गणित चुकलं होतं, एकदा दिवसांचं आणि एकदा जनावरांचं. जुलैत रोगच दुसरा होता आणि आम्ही जुनंच औषध घालत बसलो. तुमच्याकडे असंच चाललं असेल तर या तीनपैकी एखादी चूक बहुधा तुमच्याही घरात सापडेल.

'किडे' म्हणजे कुठले किडे

हे आधी सांगते, कारण फोनवर यावरूनच घोळ होतो. आपल्याकडे "कानात किडे पडलेत" म्हटलं की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे अळ्या येतात. माशी जखमेवर अंडी घालते आणि त्यातून निघतात त्या. त्या नुसत्या डोळ्यांना दिसतात, तांदळाच्या दाण्याएवढ्या, वळवळणाऱ्या, आणि सडका वास येतो. तसं असेल तर हे पुढचं वाचत बसू नका, आत्ता डॉक्टरकडे जा. त्या मांस पोखरत आत जातात, उद्यावर टाकण्यासारखी ती गोष्ट नाही.

माइट्स वेगळे. शास्त्रीय नाव ओटोडेक्टिस सायनोटिस. कोळी आणि गोचीड यांच्या गोतावळ्यातला आठ पायांचा जीव, मोठा झाला तरी अर्ध्या मिलिमीटरच्या आतबाहेर. खरजेचा किडा कातडीत बिळं करतो तसा हा करत नाही. कानाच्या नळीत वरवरच राहतो, कातडीचा कोंडा आणि स्राव खातो. पण त्याच्या तिथल्या वावराने कान चिडतो, मेण भराभरा सुटायला लागतं, आणि मेण, कोंडा, किड्याची घाण, खाजवून आलेलं रक्त हे सगळं मिळून काळपट तपकिरी रवाळ चुरा तयार होतो. पुस्तकं त्याला कॉफीच्या चुऱ्याची उपमा देतात. मला तो वाळलेल्या चहाच्या चोथ्यासारखा वाटला.

दुसरी खूण अशी की कानाची पाळी हातात धरून हलकेच चोळली की कुत्र्याचा मागचा पाय आपोआप खाजवायला उठतो. ही खूण खरजेतही दिसते, म्हणून एवढ्यावरून निकाल लावायचा नाही. मात्र पिल्लू असेल, नुकतंच रस्त्यावरून आलेलं असेल, दोन्ही कान खाजत असतील आणि चुरा कोरडा असेल, तर माइट्सचा संशय घ्यायला हरकत नाही. पिल्लांना बहुतेक वेळा आईकडूनच हे आंदण मिळतं.

घरी एक साधी गोष्ट करून बघता येते. बाहेरच्या बाजूला आलेला थोडा चुरा कापसाने टिपून काळ्या कागदावर पसरायचा, वरून मोबाईलचा टॉर्च आणि मुलांच्या कंपासपेटीतलं भिंग. मिनिट-दोन मिनिटं हलायचं नाही. उजेडाची ऊब लागली की चुऱ्यातून पांढरे ठिपके सुटे होऊन सरकायला लागतात, रांगोळीचे कण चालायला लागावेत तसे. दिसले तर माइट्स आहेत. दिसले नाहीत तर मात्र "माइट्स नाहीत" असं म्हणता येत नाही, कारण ते खोलवर असू शकतात आणि थोडेही असू शकतात. मला पहिल्यांदा काहीच दिसलं नव्हतं.

पहिली चूक: दिवस

मार्चमध्ये ज्या क्लिनिकात गेलो तिथे बॅटरी मारून कान बघितला, माइट्स आहेत म्हणाले, थेंब लिहून दिले, दहा दिवस घाला म्हणाले. निदान बरोबर होतं. पण अंडी, चक्र, दुसरा डोस, घरात दुसरं जनावर आहे का, यातलं काही कुणी विचारलं नाही की सांगितलं नाही. बाहेर अकरा जणांची रांग होती, मीही विचारलं नाही.

चौथ्या दिवशी खाजवणं जवळपास थांबलं. सातव्या दिवशी मी बाटली कपाटात ठेवून दिली, कारण एक तर तो थेंब बघून पलंगाखाली पळायला लागला होता, आणि दुसरं म्हणजे बरा झाला होता की. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात परत फटफटफट.

आता किड्याच्या बाजूने बघा. मादी अंडं घालते ते कानात घट्ट चिकटवून. साधारण चार दिवसांत ते फुटतं. आतून सहा पायांची अळी निघते, मग कात टाकत टाकत दोन मधल्या अवस्था, आणि मग आठ पायांचा पूर्ण माइट. अंड्यापासून अंडं घालण्याजोगं व्हायला जवळजवळ तीन आठवडे लागतात, आणि मोठा झालेला माइट दोनेक महिने जगू शकतो. कानात घालायच्या बऱ्याचशा औषधांनी चालते-फिरते माइट्स मरतात, अंडी मरत नाहीत. म्हणजे सातव्या दिवशी बाटली बंद करताना मी मोठ्यांना मारलं होतं आणि पोरंबाळं राखून ठेवली होती. तीन आठवड्यांनी त्यांची पलटण उभी राहिली.

शिवाय आणखी एक फसवणूक आहे. कानाच्या अनेक थेंबांत सूज-खाज कमी करणारं स्टिरॉइड असतं, सोबत बुरशीचं आणि जंतूंचं औषध. खाज त्यानेच थांबते. काही थेंबांत माइट्स मारणारं औषध असतं आणि काहींत नसतंच. दुकानदाराने "कानासाठी हेच चालतं" म्हणून हातात ठेवलेली बाटली नक्की काय मारते, ते खोक्यावर बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं. वाचा. समजलं नाही तर फोटो काढून डॉक्टरांना पाठवा.

आणि माइट्स फक्त कानातच बसून राहतात असंही नाही. कुत्रा वेटोळं करून झोपला की कान शेपटीच्या मुळाशी टेकतो, पंजाने खाजवतो तेव्हा पंजाला लागतात. मानेवर, पाठीच्या शेवटाला, पायांवर भटके माइट्स सापडतात. कानातले थेंब तिथे पोचत नाहीत. म्हणून आता बहुतेक डॉक्टर नुसत्या थेंबांवर विसंबत नाहीत, अंगभर काम करणारं औषध देतात.

औषधांचं

मी डॉक्टर नाही. मात्रा मी सांगणार नाही, कुणी फोनवर सांगितली तरी घेऊ नका, कारण ती कुत्र्याच्या वजनावर आणि वयावर ठरते. पण डॉक्टर काय देऊ शकतात हे माहीत असलं की प्रश्न नीट विचारता येतो.

एक प्रकार मानेवर टाकायच्या औषधाचा, म्हणजे स्पॉट-ऑन. सेलामेक्टिन, किंवा मॉक्सिडेक्टिन आणि इमिडाक्लोप्रिड एकत्र. केस बाजूला करून थेट कातडीवर टाकायचं, केसांवर नाही. अंघोळ आधी की नंतर आणि किती दिवसांनी, ते पाकिटावरच्या सूचनेप्रमाणे. दुसरा प्रकार चघळायच्या गोळ्यांचा, ज्या आपण गोचीड-पिसवांसाठी आणतो. फ्लुरालानर, अ‍ॅफोक्सोलानर, सारोलानर. ब्रॅव्हेक्टो, नेक्सगार्ड, सिम्पॅरिका या नावांनी त्या सगळ्यांना ठाऊक आहेत. कानातल्या माइट्सवर त्या चांगल्या चालतात, आणि कान हातात न धरता काम होतं, हा ढब्बूच्या दृष्टीने सगळ्यात मोठा फायदा. पण वय आणि वजनाची किमान अट असते, अगदी लहान पिल्लाला देत नाहीत. आणि कुत्र्याला कधी फिट आली असेल तर ते आठवणीने सांगा. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१८ मध्ये या गटातल्या औषधांबद्दल झटके आणि थरथर यांचा इशारा दिलेला आहे. बहुतेक कुत्र्यांना काही होत नाही, आमच्याला झालं नाही, पण डॉक्टरांना तुमच्या कुत्र्याचा इतिहास तुम्ही सांगितल्याशिवाय कळणार नाही.

आयव्हरमेक्टिनबद्दल जरा थांबून सांगते, कारण ते स्वस्त आहे आणि "एक इंजेक्शन मारा, विषय संपला" असं सर्रास सांगितलं जातं. जाणत्या हातात ते औषध वाईट नाही. पण कॉली, शेटलँड शीपडॉग, ऑस्ट्रेलियन शेफर्ड अशा जातींत आणि त्यांच्या संकरांत एमडीआर-१ नावाच्या जनुकात बिघाड असू शकतो. तो असला की औषध मेंदूत शिरतं आणि साठतं: लाळ, डगमग, आंधळेपणा, बेशुद्धी. हा बिघाड २००१ मध्ये शोधून काढला गेला, त्याआधी 'कॉलीला सोसत नाही' एवढंच ठाऊक होतं. गाई-म्हशींसाठीची बाटली आणून घरच्या घरी थेंब मोजणारे लोक मी पाहिलेत. ती बाटली पाचशे किलोच्या जनावरासाठी आहे आणि तुमचं पिल्लू पाच किलोचं आहे.

दुसरी चूक: जनावरं

एप्रिलमध्ये आम्ही शहाण्यासारखे वागलो. दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलो. जाण्याआधी मी कान छान पुसून, आत क्लिनर घालून, लखलखीत करून नेला. डॉक्टरांनी ओटोस्कोप, म्हणजे कानात बघायची दिव्याची नळी, लावला, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "कान धुऊन आणलात? आता मी काय बघू?" तर हे लक्षात ठेवा. पाहुणे येणार म्हणून घर आवरतो तसा कान आवरून न्यायचा नसतो.

तरी आत खोलवरून त्यांनी कापसाच्या काडीवर थोडा मळ काढला. काचेवर तेलाचा थेंब टाकला, त्यात काडी गोल फिरवली, वर दुसरी पातळ काच, आणि मायक्रोस्कोपच्या सगळ्यात कमी भिंगाखाली ठेवलं. मग मला बोलावलं. पिवळसर तेलात एक काचेसारखा अंगाचा प्राणी पाय हलवत होता, उताणा पडलेला झुरळ हलवतो तसे. पुढच्या पायांची टोकं वाटीसारखी. शेजारी लांबट, मळकट पांढरी अंडी. चार मोजली मी. एका काडीवर चार. त्या चार अंड्यांनी मला जे पटवलं ते दहा चिठ्ठ्यांनी पटवलं नसतं.

यावेळी गोळी मिळाली, कान साफ करायचं द्रावण मिळालं, महिन्याने परत यायचं ठरलं. सगळं वेळेवर केलं. घरातली अंथरुणं गरम पाण्यातून काढली. तीन आठवडे कान स्वच्छ. आणि मेच्या शेवटी परत चुरा दिसायला लागला. थोडा, पण तोच, चहाच्या चोथ्यासारखा. गोळीने मरत होते, पण कुठून तरी नवे येत होते.

डॉक्टरांनी तेव्हा विचारलं, "घरात मांजर आहे?" मी म्हटलं नाही. मग जिन्यातून घरी चढताना आमच्या चपलांच्या रॅकवर मनी झोपलेली दिसली.

मनी तळमजल्यावरच्या काकूंची. काकूंची म्हणजे सोसायटीची, पण जेवते काकूंकडे. दुपारी आमच्या रॅकवर, ढब्बूच्या जुन्या टॉवेलवर झोपते. ढब्बू बाहेर निघाला की ती त्याच्या गालाला डोकं घासते आणि तो गाढवासारखा उभा राहून घासून घेतो. रोज. आम्हाला ते फार गोड वाटायचं, फोटोही काढलेत.

मी खाली गेले. "काकू, मनीचे कान बघू का जरा?"

"बघ की. पण ती हात लावू देईल तर ना. आणि तिला काही झालेलं नाही गं, जन्मापासून तिचे कान असेच काळे आहेत."

जन्मापासून काळे. तिच्या दोन्ही कानांत चोथा गच्च भरला होता आणि ती बया एकदाही खाजवताना दिसली नव्हती. हा किडा मुळात मांजरांत जास्त आढळतो. मांजरांच्या कानाच्या दुखण्यांत साधारण निम्म्या वेळा माइट्स निघतात, कुत्र्यांत दहातून एखाद्या वेळी. आणि काही मांजरं तो बिनबोभाट बाळगतात. कुत्रा, मांजर दोघांनाही तोच लागतो, अंगाला अंग लागलं की पसरतो.

काकूंना पटवणं मायक्रोस्कोपपेक्षा अवघड गेलं. "इतकी वर्षं काही झालं नाही" याला उत्तर नसतं. शेवटी मी काळा कागद आणि भिंग घेऊन खाली गेले. मनीच्या कानातला चुरा पसरला, आणि या वेळी ठिपके चालले. काकूंनी भिंग खाली ठेवलं आणि हात धुवायला गेल्या. त्यानंतर सगळं सोपं झालं. डॉक्टरांनी मनीच्या अंदाजे वजनाचं, मांजरांसाठीचं सेलामेक्टिन दिलं. काकूंनी ताटलीत सुकट ठेवली, मनीचं डोकं ताटलीत गेलं, आणि मी मानेच्या मागे, तिची जीभ पोचणार नाही अशा जागी, ट्यूब पिळली. महिन्याने पुन्हा. ढब्बूची पुढची गोळी त्याच दिवशी. जूनमध्ये काचेवर ना माइट, ना अंडं.

इथे एक गोष्ट ठळक अक्षरांत वाचा. कुत्र्याचं स्पॉट-ऑन मांजराला लावू नका. कुत्र्यांच्या काही औषधांत परमेथ्रिन असतं. मांजराचं यकृत ते फोडू शकत नाही. थरथर, झटके, आणि वेळेत उपचार मिळाले नाहीत तर मृत्यू. "उरलंय थोडं, मांजरीलाही लावून टाकू" हा विचार आपल्याकडे फार स्वाभाविक आहे, म्हणून सांगते.

घरात दोन कुत्री असतील तर दोघांनाही औषध, खाजवत असो वा नसो. खाली फिरायला नेल्यावर जे कुत्रं रोज नाकाला नाक लावतं त्याच्या माणसांनाही सांगा. याचा लोकांना राग येतो, आपल्या कुत्र्याला अस्वच्छ म्हटल्यासारखं वाटतं. मी "आमच्याकडून तुमच्याकडे गेलं असेल" अशी सुरुवात करते, मग ऐकतात.

घर धुऊन काढायचा सोस मात्र नको. जनावराच्या अंगाबाहेर हे माइट्स काही दिवस तग धरतात, गार आणि दमट हवेत जास्त, फार तर दोनेक आठवडे. अंथरूण, टॉवेल, गाडीतली चादर गरम पाण्यात धुवा, कोपरे झाडून घ्या, पुरे. पेस्ट कंट्रोल बोलावू नका, फिनेलने फरशी पुसून कुत्र्याला त्यावर झोपवू नका. आपल्याला? माणसात हे राहत नाहीत. क्वचित हातावर बारीक लाल पुरळ येतं, जनावर बरं झालं की तेही जातं.

तिसरी चूक: जुलै

पावसाने जुलैत चार दिवस उसंत दिली नाही. कपडे वाळेनात, भिंतींना ओल, आणि ढब्बूने पुन्हा कान झटकायला सुरुवात केली. मी क्षणाचाही विचार केला नाही. मार्चची अर्धी बाटली कपाटात होती. घातली. पाच दिवस घातली. कान आणखी लाल झाला आणि हात लावला की तो गुरगुरायला लागला, जे त्याने आधी कधी केलं नव्हतं.

एकदा एखाद्या दुखण्याचं नाव कळलं की आपण सगळ्याला तेच नाव देतो. नीट बघितलं असतं तर फरक समोर होता. चुरा कोरडा रवाळ नव्हता, चिकट होता, तेलकट चॉकलेटी. आणि वास. माइट्सच्या कानाला फारसा वास नसतो. या कानाला फ्रिजबाहेर दोन दिवस राहिलेल्या इडलीच्या पिठाचा वास येत होता. डॉक्टरांनी या वेळी काच रंगात बुडवून बघितली, आणि भिंगाखाली जांभळ्या रंगाच्या भुईमुगाच्या शेंगाच शेंगा. मॅलॅसेझिया नावाची यीस्ट, म्हणजे एक प्रकारची बुरशी. ती कुत्र्याच्या कातडीवर एरवीही असते, पण कान दमट, गरम आणि बंद राहिला की माजते. आपल्याकडच्या पावसाळ्यात तिला दुसरं काय हवं? फिरून आल्यावर मी अंग पुसत होते, कान नाही.

कुत्र्याच्या कानाची नळी सरळ नसते. आधी खाली उतरते आणि मग काटकोनात आत वळते, इंग्रजी एल अक्षरासारखी. शिरलेलं पाणी त्या वळणावर साचून राहतं. लॅब्रेडॉर, कॉकर, गोल्डन यांच्या लोंबत्या पाळ्या वरून झाकण घालतात, म्हणून त्यांना हा त्रास जास्त.

यीस्ट वर्षभर पुन्हा पुन्हा येत असेल, सोबत पंजे चाटून चाटून तांबडे झाले असतील, पोट-काखा खाजत असतील, तर मुळात अ‍ॅलर्जी आहे का ते बघावं लागतं. मग कानावर उपचार हा फक्त पोतेरं फिरवण्याचा प्रकार, नळ वर कुठेतरी चालू आहे. खाण्याची अ‍ॅलर्जी शोधायला दोन महिने एकाच ठरलेल्या अन्नावर ठेवतात, आणि त्या काळात आजीने टेबलाखालून दिलेला एक ग्लुकोज बिस्किटाचा तुकडाही सगळ्यावर पाणी फिरवतो.

पिवळा-हिरवट पू, घाण वास आणि कानाला हात लावू न देणं हा जंतूंचा प्रकार. आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात येऊरच्या जंगलात फिरून आल्यावर अचानक एकच कान झटकायला लागला, डोकं त्याच बाजूला तिरकं, तर आत कुसळ गेलंय का बघायला लावा. वाळलेल्या गवताची ती टोकं फक्त पुढेच सरकतात, मागे येत नाहीत. घरी चिमटा घालू नका.

कानात काय घालू नये, आणि घालायचं ते कसं

सासूबाईंनी पहिल्याच आठवड्यात खोबरेल तेलात कापूर विरघळवून वाटी तयार केली होती. "अगं, आमच्या गाईगुरांना हेच लावायचो." त्यांचा हेतू चांगला होता. पण कापूर कुत्र्याला विषारी आहे आणि कान झटकून झटकून तो ते चाटणारच. टी-ट्री तेलाचंही तेच. हायड्रोजन पेरॉक्साइड आणि व्हिनेगर चिडलेल्या कातडीला झोंबतात. लसणाच्या तेलाने घरभर वास येतो आणि माइट्स तसेच राहतात. नुसत्या साध्या तेलात काही माइट्स गुदमरून मरतात हे खरं, मळही मऊ होतो, पण तेवढ्यावर सगळी पिढी संपत नाही. आणि कानाचा पडदा फाटलेला असेल तर काहीही घालणं धोक्याचं. काही औषधं अशा वेळी आत शिरून बहिरं करू शकतात. म्हणून पहिल्यांदा ओटोस्कोप, मग थेंब. इयर बड तर नकोच. तो मळ काढत नाही, ठासतो.

साफ करताना मी ढब्बूला बाथरूममध्ये घेते, दार लावते आणि भिंतीला पाठ टेकवून पायांमध्ये बसवते. पाळी सरळ वर धरायची, म्हणजे ते काटकोनी वळण थोडं उलगडतं. डॉक्टरांनी दिलेलं क्लिनर नळी भरेपर्यंत ओतायचं, बाटलीचं तोंड कानाला न लावता. मग पाळीच्या खाली, जबड्यामागे बोटांनी हलकं चोळायचं. पचपच असा आवाज आला म्हणजे पाणी योग्य जागी आहे. अर्धा मिनिट. मग सोडायचं आणि आपण तोंड फिरवायचं, कारण तो झटकणार आणि ते सगळं तुमच्या चष्म्यावर येणार. वर आलेला मळ बोटाला कापूस गुंडाळून पुसायचा, बोट जाईल तेवढंच. थेंब दहा-पंधरा मिनिटांनी. पुढच्या वेळी त्याने बाटली बघून पळू नये म्हणून शेवटी उकडलेल्या अंड्याचा तुकडा. हा तुकडा वगळलात तर चौथ्या दिवसापासून मारामारी.

तरीही परत आला तर

मान सतत एकीकडे कलली, चालताना तोल जायला लागला, डोळ्यांची बुबुळं डावी-उजवीकडे फडफडायला लागली, तर दुखणं कानाच्या आतल्या भागात गेलंय, त्याच दिवशी दाखवा. झटकून झटकून पाळीतली रक्तवाहिनी फुटते आणि पाळी टम्म पुरीसारखी फुगते. तीही दाबून, सुई टोचून घरी रिकामी करायची नसते.

असं काही नसेल आणि नुसतंच तिसऱ्या-चौथ्यांदा आलं असेल, तर औषध बदलण्याआधी काच मागा. "मळ मायक्रोस्कोपखाली बघता का?" एवढं विचारायला संकोचू नका. पाच मिनिटांचं काम आहे. माइट्स निघाले तर शेवटचा डोस कधी झाला, ते दिवस मोजा, आणि गेल्या महिन्यात कुत्र्याला कोणकोणतं जनावर भेटलं ते आठवा, रॅकवरच्या मांजरासकट. जंतू निघाले आणि औषधाला दाद देत नसतील तर कल्चर करून, म्हणजे प्रयोगशाळेत ते जंतू वाढवून, कोणतं प्रतिजैविक लागू पडतं ते बघता येतं. जवळच्या क्लिनिकात ही सोय नसेल तर परळचं बॉम्बे व्हेटर्नरी कॉलेज आहे, १८८६ पासूनचं. ठाण्याहून लोकलने परळला उतरता येतं, पण कुत्रा घेऊन गाडीनेच गेलेलं बरं, आणि सकाळी लवकर.

जाताना आजवरच्या सगळ्या चिठ्ठ्या आणि अर्ध्या उरलेल्या बाटल्या पिशवीत घाला. आणि आदले दोन दिवस कान पुसू नका.